शेवंतीच्या पिशवीतलं जायफळ

"ही बाई माझ्या बाळाचा जीव घेईल," म्हणत रेवतीने मोबाइल पुढे केला.

मुलुंडच्या त्या छोट्या ऑफिसात खासगी डिटेक्टिव्ह इरावती आणि तिचे मदतनीस, बँकेतून निवृत्त झालेले नंदकुमार, स्क्रीनवर वाकले. घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. बाळ सांभाळायला घरातच राहणारी शेवंती आठ महिन्यांच्या अनयच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती. मग तिने त्याच्या तोंडावर गार पाणी लावलं. अनयने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

"महिनाभर दुपारी तो उठता उठत नाही. डॉक्टर म्हणतात, पोटात गुंगीचं काहीतरी जातंय. आज हे तिच्या पिशवीत सापडलं." रेवतीने झिजलेलं जायफळ टेबलावर ठेवलं. "टीव्हीवरच्या त्या मालिकेत अशीच बाई आहे ना. मी ऑफिसात, नवरा दुबईला, घरी फक्त सासूबाई. मला तिला पोलिसांत द्यायचंय."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं नंदकुमारांना वाटलं. इरावतीने मात्र जायफळ नाकाशी नेलं आणि त्यांच्या हाती दिलं. उगाळलेल्या बाजूला चंदनाचा वास येत होता. देवघरात ठेवलेलं असेल, म्हणून नंदकुमारांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

रेवतीच्या घरी शेवंती भिंतीला टेकून उभी होती.

"बाळाला जायफळ दिलंस?" इरावतीने विचारलं.

"नाय."

"मग पिशवीत कसं आलं?"

ती पाळण्याकडे वळली आणि अनयचं पांघरूण सारखं करू लागली.

रेवतीच्या सासूबाई, सुलक्षणाबाई, देवघरात होत्या. "शेवंतीने इथल्या कशाला हात लावला का?" इरावतीने विचारलं.

"छे. सहाणेला माझ्याशिवाय कुणी शिवत नाही. आमच्याकडे सोवळं आहे."

इरावतीने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"हे जायफळ चंदनाच्या सहाणेवर उगाळलंय. त्या सहाणेला एकच हात लागतो, हे आजींनीच सांगितलं. आता चित्रण आठवा. गुंगी देणारी बाई बाळाला उठवायला कशाला धडपडेल? शेवंती त्याला छळत नव्हती, जागं ठेवत होती. शेवटी तिने जायफळच लपवलं."

रेवतीचा चेहरा उतरला. "मग बोलली का नाहीस गं?"

"आजीचा नाव घेतलंय तर माका काढतल्यात. मगे बाळाक उठवतलो कोण?"

नंदकुमार तिच्याकडे बघतच राहिले. तुरुंग समोर दिसत असताना ही बाई बाळापायी तोंड शिवून बसली होती. इतकं मोठं मन त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

सुलक्षणाबाई पाळण्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या आईने आम्हालाही दिलं होतं. मी एकच वेढा उगाळायचे, मग दोन, मग चार. जागा असला की तो ह्या शेवंतीकडेच झेपावतो. झोपला की तासन्‌तास माझ्या मांडीवर असतो."

शेवंतीने पाळण्यातून अनयला उचललं आणि जागं बाळ सुलक्षणाबाईंच्या मांडीवर ठेवलं. ते रडू लागलं. रेवती धावली, पण शेवंतीने तिचा हात धरला आणि स्वतः आजींना खेटून बसली.

"ऱ्हवांदे, ताई. मी हंयच आसंय. सवय होतली तेका."