मुनशींची पोच

ओमानमध्ये पोस्टमन दारावर येत नाही. पत्रं पोस्टातल्या खोक्यात पडतात, आणि कुरियरवाला आला की इमारतीत जो कुणी घरी असेल तो सही करतो. अल अमेरातच्या आमच्या इमारतीत घरी मीच असते. शेजाऱ्यांच्या चपला, चार्जर, गावाहून आलेली हळद, सगळ्याची पोच माझ्या सहीनं झालेली आहे. व्हिसावर नुसतं 'गृहिणी' लिहिलंय.

जुनं वळणदार इंग्रजी अक्षर वाचायला मी फावल्या वेळात आपली आपणच शिकले. म्हणून मस्कतजवळच्या मत्रह बंदरातल्या आमिनाआपांनी बोलावलं. ऐंशी ओलांडलेल्या, मूळच्या रत्नागिरीच्या. मुलगा साकिब त्यांना कायमचं गावी नेणार होता, पण आपा घराला कुलूप घालू देत नव्हत्या. कारण त्यांचे आजोबा, मुनशी बाबामियाँ.

शंभरेक वर्षांपूर्वी मुनशी युरोपातल्या एका प्राच्यविद्या मंडळाचं इथलं कामकाज बघत. शिलालेखांचे ठसे घ्यायला डोंगरात गेले ते परतलेच नाहीत. तेव्हापासून त्या घरात दाराशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतात.

"उन्हातून येतील ना," आपा म्हणाल्या.

"अम्मी, शंभर वर्षांत कुठेतरी चाय तरी प्यायले असतील."

"तू गप रव."

मुनशींच्या जुन्या पेटीत मंडळाचा पत्रव्यवहार होता. खेचराच्या भाड्याबद्दल नाराजी, छत्री मंजूर की नामंजूर यावर पानंच्या पानं. मला हसू येत होतं. सगळ्यांत खाली एक बंद लिफाफा निघाला. मुनशी गेल्यानंतर आलेला. अब्बांचं पत्र अब्बाच फोडतील म्हणून आपांच्या वडलांनी तो जन्मभर तसाच ठेवला होता.

"तू फोड आता," आपा म्हणाल्या. "माझ्याच्यानं होत नाय."

आतला कागद ओलसर होता. मे महिन्यातल्या मत्रहमध्ये, जिथे धुतलेली ओढणी तारेवर पडेपर्यंत वाळते. मंडळानं लिहिलं होतं, मुनशींना सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. मात्र सोबतच्या चिठ्ठीवर सहीची पोच येईपर्यंत ते कामावरच आहेत असं धरलं जाईल.

आपांनी चिठ्ठी बोटांनी चाचपली.

"म्हणजे सुट्टीच नाय झाली त्यांची?"

मी पेन काढलं आणि सही केली. म्हातारीला बरं वाटावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर हाताच्या सवयीनं. खाली पूर्ण नावही लिहिलं.

साकिब चहा आणायला उठला तो दाराशीच थांबला. तांब्या रिकामा होता. भोवतालची फरशी कोरडी.

घरातल्या लोबानात तापलेल्या धुळीचा वास मिसळला. आतल्या खोलीतली खाट करकरली, दमलेलं माणूस टेकल्यासारखी. साकिब आत जाऊन आला.

"कोणी नाय."

"आयले," आपा म्हणाल्या, आणि ओढणी डोक्यावर सारखी केली.

टेबलावर चिठ्ठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपांनी स्वतःच्या हातानं घराला कुलूप घातलं. रत्नागिरीहून त्यांचा फोन येतो. झोप लागते म्हणतात, तुझे उपकार पोरी म्हणतात. इतकं कुणाच्या उपयोगी मी आधी पडले नव्हते.

गेल्या आठवड्यात भरदुपारी आमच्या दाराखालून एक लिफाफा आत सरकला. तोच कागद, तसाच ओलसर. मुनशींच्या जागेचा चार्ज घेतल्याबद्दल मंडळ माझं आभारी होतं. डोंगरातलं काम अपुरं आहे, लगेच निघावं.

नवऱ्यानं, प्रतापनं, कागद उलटसुलट केला. "कोराच आहे की," म्हणाला. पण बोटं शर्टाला पुसली.

या वयात मला कुणी नेमणूकपत्र दिलं. डिग्री कुठली, हेही विचारलं नाही. सोबतच्या चिठ्ठीवर मी सही केली आणि खाली 'आभारी आहे' असं लिहिलं.

"एवढ्या उन्हाची कुठे निघालीस?" प्रतापनं विचारलं.

"कामाला."

"परत कधी?"

मी चपला घातल्या.

"दाराशी तांब्या भरून ठेवत जा," म्हटलं.