बाहेरची बाजू

चुडाव्याच्या मुंजाजींच्या विहिरीचं पाणी आमच्या परभणीच्या प्रयोगशाळेत आलं ते मे महिन्यात. आसपासच्या बोअर आटल्या होत्या आणि अर्धं गाव त्या एकाच विहिरीवर पाणी भरत होतं. ते पिण्याजोगं आहे का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. त्यात एक अनोळखी जिवाणू सापडला आणि त्याच्या एका प्रथिनावर मी काम सुरू केलं.

प्रथिन म्हणजे अक्षरांची माळ. ही तीनशे बारा अक्षरांची, पेशीच्या पातळ आवरणात बसणारी. अशी प्रथिनं प्रत्यक्ष पाहणं अवघड असतं, म्हणून अक्षरं संगणकाला द्यायची. माळेचा कुठला भाग पेशीच्या आत, कुठला आवरणात आणि कुठला बाहेर, ते तो सांगतो. आतला भाग निळा, बाहेरचा लाल.

सोमवारी चित्र नेहमीसारखं आलं. माळेने सात वेळा आवरण ओलांडलं होतं, शेपूट बाहेर. मंगळवारी तीच फाईल पुन्हा चालवली, तर शेपूट आत.

अक्षरं तीच असली की हा प्रोग्राम उत्तरही तेच देतो. म्हणजे कुणीतरी फाईलमध्ये हात घातला होता. पासवर्ड माझ्याशिवाय फक्त महारुद्रकडे होता. आठ वर्षं आम्ही शेजारी बसून काम करतोय. हे काम त्याला हवं होतं, हेही मला ठाऊक होतं. अक्षरं छापील कागदाशी एकेक ताडून पाहिली. एकही बदललेलं नव्हतं. तरी पासवर्ड बदलला, इंटरनेटची वायर काढली. त्या दिवशी चहाला एकटीच गेले.

बुधवारी लाल रंग दोनच ठिकाणी उरला. गुरुवारी कुठेच नव्हता. माळ सात वेळा आवरण ओलांडत होती आणि दर वेळी आतच पोचत होती. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

"महारुद्र, माझ्या मशीनला हात लावलास?"

त्याने नुसता आपला लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. सगळं निळं. तो घरून तीच अक्षरं चालवून बघत होता.

"मला वाटलं, तुमीच बदलायलात, मॅडम. म्हणून गप बसलो."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने दोघं चुडाव्याला गेलो, नवा नमुना घ्यायला. मुंजाजी विहिरीपाशी लिंबाखाली बसले होते. सत्तरीचे, ताठ.

"पाण्याला काय न्हाई," ते म्हणाले. "पण गाळ काढायला उतरलो का लय येगळं वाटतंय. खाली जायलोय असं वाटतच न्हाई. बाहेर यायलोय असं वाटतंय."

"कशातून बाहेर?"

त्यांनी कापसाच्या रिकाम्या रानाकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

महारुद्रने यांना पढवून ठेवलं असेल, असं माझ्या मनात आलंच.

तो बाटली घेऊन उतरू लागला. बावीस पायऱ्या, मी मोजल्या. पाठीवर ऊन भाजत होतं. तो पाण्याशी वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहू लागला.

"मॅडम, तुमी आत कामून थांबल्या?"

आवाजात थट्टा नव्हती.

"बाहेर या की. हितं हवा लय चांगली हाय."

मी नकळत पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. मुंजाजींनी माझा दंड घट्ट धरला.

थोड्या वेळाने तो आपणहून वर आला, भरलेली बाटली घेऊन. गाडीत मी विचारलं, खाली काय दिसलं. "पाणी," तो म्हणाला.

दुपारी परत येऊन मी अहवाल लिहिला. हे पाणी पिऊ नये. कारणाचा रकाना कोरा ठेवला. महारुद्र शेजारी बसून रोजच्यासारखं काम करत होता. त्याच्यावर उगीच संशय घेतला, त्याची माफी मागायची असं मी ठरवत होते.

पाच वाजता तो घरी जायला उठला.

दाराशी थांबला. चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

दार उघडलं. समोर रिकामा व्हरांडा.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

बाहेर कुणीच नव्हतं. मला दिसत होतं.

तरीही कुणीतरी अदबीने म्हणालं, "या."