जुना दट्ट्या

वहिनींचा ट्रक गॅरेजच्या दारात येऊन थांबला, तेव्हा मिस्त्री हात पुसून घरी निघायच्या बेतात होता. दादा गेल्यापासून वहिनी स्वतःच ट्रक चालवत. ट्रक म्हातारा, पेट्रोलवरचा, जुन्या कार्बोरेटरचा. दादाचा त्याच्यावर जीव होता आणि वहिनींचं घर त्याच्यावर चालत होतं.

“भाऊजी, हायवेच्या फाट्यावर अडखळतो हो. पाय दाबला की आधी आवंढा गिळतो, मग उचलतो.”

“आणि बाकी कुठे?”

“बाकी कुठेच नाही. तिथंच.”

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. त्याच फाट्यावर, मालाचा दोर आवळायला खाली उतरलेल्या दादाला टँकरनं उडवलं होतं.

“इंजिनाला जागा कळत नाही, वहिनी,” तो हसून म्हणाला. “तिथं चढ आहे, म्हणून त्याचं पितळ तिथं उघडं पडतं.” पण भर रस्त्यात ट्रक अडखळला तर काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. घरातलं आणखी एक माणूस त्याला त्या फाट्याला द्यायचं नव्हतं.

त्यानं इंजिन बंद करवलं, फिल्टर उतरवला आणि कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा झोत मारला. वहिनी केबिनमध्ये बसल्या.

“दाबा.”

पेट्रोलची धार लगेच यायला हवी. ती उशिरा आली, तीही मरतुकडी. दुखणं सापडलं. धार मारणाऱ्या छोट्या पंपाच्या दट्ट्याचं चामडं सुकून खडखडीत झालं होतं. त्यानं नवा दट्ट्या बसवला, दादानं बसवलेला जुना टेबलावर टाकला.

“दाबा.” धार सणकन आली. “सोडा.”

पेडलला जोडलेली पंपाची दांडी खालीच राहिली.

“सोडा ना, वहिनी.”

“सोडलंय की... दोन्ही पाय वर घेऊन बसलेय.”

दांडी सावकाश वर आली, कुणीतरी नाइलाजानं पाय उचलावा तशी. गंज असेल, असं स्वतःला बजावत मिस्त्रीनं तेल सोडलं.

दिवेलागणीला ट्रक निघाला, एकदाही न अडखळता. मिस्त्री खुशीत होता. जुना दट्ट्या भंगारात टाकायला त्यानं उचलला, तोच फोन वाजला.

“भाऊजी, फाट्यावर आलेय... पेडल दबतच नाहीये. दगड झालाय नुसता.”

“जोर लावू नका. थांबा तिथंच.”

फोनमधून घरघर ऐकू आली. वाढत गेली, कानठळ्या बसवून लांब गेली. मग काहीच नाही.

“वहिनी!”

“टँकर होता...” वहिनी म्हणाल्या. “दिवे न लावता गेला. मी निघाले असते, तर... थांबा. दबलं हो पेडल. आपोआप मोकळं झालं.”

मिस्त्री स्टुलावर बसला. वहिनी वाचल्या, एवढंच त्याला कळत होतं. डोळे पुसायला त्यानं हात वर नेला, तर हात ओला लागला.

मुठीतल्या दट्ट्याचं चामडं मऊ पडलं होतं. त्यातून ताजं पेट्रोल ठिबकत कोपरापर्यंत आलं होतं. पेट्रोलचा डबा पलीकडच्या कोपऱ्यात होता, झाकण घट्ट लावलेला.