भट्टी पेटायची वीस मिनिटं

झेंडूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन शकुन पहाटे धावतच परतवाड्याच्या मोटारस्टँडवर आली, तर समोर नुसता धूर!

"गाडी सुटली का हो?"

"सुटते कशाची? पेटूनच नाही राहिली!" धुरातून आवाज आला. मागोमाग काळंठिक्कर तोंड… त्यात दातच तेवढे पांढरे. हा ड्रायव्हर देवीदास. "आल्याच आहा तर हा दांडा फिरवा. हात गेले माहे."

"तिकीट बी मीच काढू, अन् मोटार बी मीच चालू करू?"

"मंग जाता पायी अमरावतीले?"

शकुन हसली… आणि दांडा फिरवू लागली.

लढाईनं पेट्रोल महाग केलेलं. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी होती, तिच्या गॅसवर मोटार चाले. तिला दांड्यानं फिरवायच्या पंख्याचा वारा घालत वीस मिनिटं पेटवावं, तेव्हा कुठे इंजिन खोकायचं. पाच वर्षं ती वीस मिनिटं त्या दोघांची होती. तो कोळसा घाली, ती दांडा फिरवी, आणि कीर्तनात ऐकलेलं रुक्मिणीस्वयंवराचं आख्यान तो साभिनय सांगे. नेमकं रुक्मिणीचं पत्र देवाला पोचायच्या वेळी इंजिन धडधडे!

लढाई संपली. एका पहाटे शकुन आली, तर स्टँडवर नवीकोरी हिरवी मोटार. जुनी बिचारी विटांवर, चाकं काढलेली. भंगारवाला तिच्याभोवती फिरत होता.

"बसा," देवीदास ऐटीत म्हणाला, "लगेच निघतो."

लगेच! तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"बुवानं पूर्वरंग गाळला अन् उभा राहताच आरती लावली, तर कीर्तन म्हणायचं का त्याले? जिनं पाच वर्षं पोटात आग घेऊन तुले वाहिलं, तिले भंगारात देऊन तू दात काढून राहिला?"

"शकुन, ऐक तर—"

"काय ऐकू? रुक्मिणीनं एक पत्र धाडलं, तर देव रथ घेऊन आला. मी पाच वर्षं दांडा फिरवला! सोमवारी तेल्हाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले. बस तू तुह्या हिरव्या मोटारीत!"

देवीदासनं सीटखालून एक पोतं ओढलं. आत भट्टीचा पंखा… दांड्यासकट, घासूनपुसून.

"मालकाले मागून घेतला. काल तुह्या बाबाले नेऊन दाखवला. म्हटलं, घरच्या चुलीले लावतो, फिरवणारी द्या."

शकुनचा आवाज एकदम खाली आला. "…मंग?"

"म्हणाले, पोरगी तिखट हाय. म्हटलं, पाच वर्षं धूर खाल्ला, तिखटाचं काय भेव? तेल्हाऱ्याले ते आजच निरोप धाडून राहिले."

"अन् मले न विचारता?" ती पुन्हा कडाडली.

"तुलेच तर विचारून राहिलो… आता."

तिनं पोत्यातला दांडा धरला आणि गरकन फिरवला. वारा सरळ त्याच्या तोंडावर! डोळे मिटून तो हसत राहिला. ती फिरवतच राहिली.

"अहो, निघता का?" आतून उतारू ओरडले.

नवीकोरी हिरवी मोटार त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुटली.