त्यानं नऊ दाखवले

दुसऱ्या गोळीपासून सुरू करते. पहिलीत काही नव्हतं. नऊ गुण, आणि कोपराखाली ओली चटई.

दुसरी. नऊ.

मी चाप दाबला, खांद्याला नेहमीचा धक्का बसला, शंभर मीटरवरचं माझं निशाण खंदकात खाली गेलं… आणि वर येईना. मग फोन वाजला. हँडल फिरवायचा, सैन्यानं मोडीत काढलेला फोन. आमच्या क्लबात रायफलींपासून किटलीपर्यंत सगळं सैन्यानं मोडीत काढलेलंच आहे. अध्यक्ष कुबेशकाकांनी ऐकून घेतलं, रिसीव्हर छातीशी धरला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं,

"वेंडुला, एका गोळीत दोन भोकं पाडायला कधी शिकलीस?"

एक भोक माझं. आठ मिलिमीटरचं, नवाच्या कड्यात. दुसरं बारीक, साडेसहाचं — दहाच्या अगदी मधोमध. साडेसहाची स्वीडिश रायफल त्या दिवशी रांगेत एकच होती. माझ्या डाव्या हाताला.

मी मान वळवली. आधी दिसले ते बूट. तपकिरी, चकचकीत, लग्नाला घालावेत असे. दगडाच्या जुन्या खाणीत, चिखलात! मग बुटांचा मालक दिसला. कानांपर्यंत लाल झालेला.

"ते… तुमचं होतं?"

"त्यावर हातभर उंच चार लिहिलाय."

"आणि माझं?"

"तीन. डावीकडे."

"मी तुम्ही बघत होतात तिकडे बघत होतो," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर आणखी लाल झाला.

तिसरी आणि चौथी. दहा, दहा.

यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या गोळ्यांबद्दल कधीच नसतं.

पाचवी. आठ.

हिच्याबद्दल आहे, पण सांगणार नाही. मी डावीकडे बघितलं, एवढंच.

मध्यंतर

एक बारीक सर येऊन गेली. मोहरी लावलेलं सॉसेज, पावाची जाड फोड, पत्र्याच्या कपात चहा. आणि आमच्या क्लबाचा जुना नियम. दुसऱ्याच्या निशाणावर ज्यानं गोळी मारली त्यानं रायफल खाली ठेवायची, आणि उरलेला दिवस खंदकात उतरून त्याच निशाणाची चाकरी करायची. गोळी लागली की निशाण खाली ओढायचं, भोकावर कागद चिकटवायचा, पुन्हा वर चढवायचं आणि लांब दांडीची पाटी हलवून गुण दाखवायचे. पाटी गोल फिरली तर दहा. डावीउजवीकडे झुलली तर नऊ.

म्हणजे तो माझा चाकर. नाव हिनेक, कुबेशकाकांचा भाचा. मामाचा मित्र आजारी पडला म्हणून त्याच्या जागी आला होता. ब्रनोत राहतो, चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करतो.

"माझे कान चांगले आहेत," तो म्हणाला. "डोळ्यांचं तुम्ही पाहिलंतच."

"पाहिलं की. आयुष्यातला पहिला दहा मारलात, तोही माझ्या कागदावर."

"हवा तर ठेवून घ्या."

"मला माझा हवाय," मी म्हणाले. जरा जास्तच जोरात.

तो हसला नाही. का, असं त्यानं विचारलं, आणि मीही सांगून टाकलं. दर शरद ऋतूत या स्पर्धेत जो जिंकतो तो पुढच्या वर्षीच्या लाकडी फळीवर काय रंगवायचं ते ठरवतो. पुढच्या वर्षी सगळे त्या चित्रावर एकेक गोळी मारतात, मग फळी भोकांसकट गावातल्या पबच्या भिंतीवर लागते, खाली विजेत्याचं नाव. मी पाट्या रंगवणारी. सहा वर्षं त्या फळ्या मीच रंगवतेय. कुबेशकाकांसाठी पाच वेळा कार्प मासा, आणि एकदा दुसऱ्या कुणाचा तरी ट्रॅक्टर. सहाही फळ्यांवर माझा ब्रश, नाव एकीवरही नाही. यंदा मला नाव हवं होतं.

"आणि चित्र कसलं काढणार?"

"जिंकल्यावर सुचेल. आणि मला 'तू' म्हण. माझ्या खंदकात उतरणाऱ्या माणसाला मी तुम्ही म्हणणार नाहीये."

त्यानं कप माझ्या कपाला टेकवला आणि ते चकचकीत बूट घालून खंदकाकडे चालू लागला. मागून काका म्हणाले, "बूट गेले." त्यांचे स्वतःचे त्र्याण्णव गुण केव्हाच झाले होते. आणि बरोबरी झाली तर फळी गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच, म्हणजे काकांकडे, हाही नियमच.

सहावी. दहा.

पाटी तीनदा गोल फिरली. एकदाच फिरवायची असते.

सातवी. नऊ.

पाटी झुलली, पण अशी रुसल्यासारखी, की माझ्या उजवीकडचा म्हातारा खुदकन हसला.

आठवी. दहा.

पाटीच्या टोकाला एक पिवळं पान चिकटवलेलं होतं. काकांनी फोन फिरवून खंदकात ऐकवलं, की हा नेमबाजीचा क्लब आहे, बाग नव्हे. पान निघालं नाही.

शंभर मीटरवरून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. फक्त एक दांडी, तिच्यावर एक पाटी. तरी तो कसा उभा असेल, ओठ कसे दाबून धरले असतील, ते सगळं मला —

नेम धर, वेंडुला.

नववी. नऊ.

चौऱ्याऐंशी. दहा मिळाले तर चौऱ्याण्णव. नऊ मिळाले तर… कार्प.

दहावी.

श्वास अर्धा सोडला. बोटानं चाप आपणहून मागे घेतला, चांगल्या वेळी घेतो तसा. धक्का. निशाण खाली.

बराच वेळ खाली.

निशाण वर आलं, आणि पाटी झुलली.

डावीकडे, उजवीकडे.

नऊ.

मी बोल्ट उघडला. रिकामं काडतूस चटईवर पडलं, मी ते उचललंही नाही. मामाचा भाचा. अर्थातच, मामाचा भाचा… मीही मूर्ख, पिवळ्या पानाला भुलले.

तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी ऐकलं. त्यांची भुवई चढली. खंदकातून तपासणीची मागणी आहे, ते सगळ्यांना म्हणाले, आणि मागणी नेमबाजाची नाही, चाकराची आहे. सगळ्या रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या गेल्या, लाल झेंडा चढला, आणि आम्ही दोघं ओल्या गवतातून चाललो. काकांच्या हातात मापाची पितळी खुंटी आणि भिंग.

हिनेक खंदकात घोट्यापर्यंत चिखलात उभा होता. भोकावर त्यानं कागद चिकटवलाच नव्हता. भोक दहाच्या रेषेपाशी होतं. रेषेला टेकलेलं, की केसभर बाहेर, ते नुसत्या डोळ्यांना कळेना. टेकलं असेल तर दहा.

"शंका होती तर नऊ का दाखवलेस?" मी विचारलं. माझा आवाज मला आवडला नाही.

"शंका नव्हती. मला ते दहाच दिसत होतं."

"मग?"

त्यानं पाटीची दांडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला ते दहाच हवं होतं, वेंडुला. सकाळपासून मला दुसरं काहीच नकोय. इतकं हवं असलं की डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. म्हणून खालचा आकडा दाखवला आणि मामांना बोलावलं."

काकांनी खोकून घेतलं. खुंटी भोकात बसवली, भिंग धरलं, आणि इतका वेळ वाकून राहिले की त्यांची पाठ धरली की काय असं मला वाटलं. पाच कार्पांचा मालक सहाव्याचा निरोप घेत होता. पण ते कुबेश होते. सरळ झाले, भिंग पुसून खिशात टाकलं.

"टेकलंय," ते म्हणाले. "दहा." आणि भाच्याकडे वळून, "दाखव की आता. हात मोडलाय का?"

हिनेकनं पाटी वर केली आणि फिरवली. किती वेळा ते मी मोजलं नाही. वर रांगेतून टाळ्यांचा आवाज आला. मी हसत होते, रडतही होते, आणि खंदकाच्या भिंतीला हात लावून उभी होते.

गरम पाणी

जुन्या लष्करी दारूगोळ्यात क्षार असतात. त्याच दिवशी उकळतं पाणी नळीतून ओतलं नाही, तर दोन दिवसांत गंज चढतो. हे काम दोघांचं, एकानं रायफल उभी धरायची, दुसऱ्यानं नरसाळं लावून ओतायचं. एरवी मी कुणालाही हाक मारते. त्या दिवशी कुणी पुढे आलंच नाही. सगळ्यांना एकाएकी दुसरी कामं निघाली.

"नळीला हात लावू नकोस, तापते," मी म्हणाले.

त्यानं लावला. लावणारच होता. मी त्याची बोटं थंड पाण्याच्या बादलीत धरली, आणि पोळल्याची आग थांबल्यावरही धरूनच ठेवली. खालून वाफ येत होती, जळलेल्या दारूचा आणि तेलाचा वास. त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं.

"हे मोजायचं का?" तो पुटपुटला.

"टेकलंय," मी म्हणाले. "दहा." आणि त्याचं चुंबन घेतलं.

पुढच्या वर्षीची फळी

एक जोडी तपकिरी बूट. घोट्यापर्यंत चिखल. दहाचं केंद्र डाव्या बुटाच्या टोकावर. बुटांवर कसला नेम धरायचा, अशी बरीच कुरकुर झाली. काकांनी सगळ्यांत जास्त केली, आणि नेम मात्र सगळ्यांत काळजीपूर्वक धरला.

खाली नाव आहे. वेंडुला. माझ्या हातानं, लाल अक्षरात.

गोळी मारायच्या रांगेत हिनेक शेवटून दुसरा होता. आता तो आमच्याच गावात राहतो, आणि रेंजवर रबरी बूट घालून येतो. लवंडला, श्वास अर्धा सोडला, मी शिकवलंय तसा. मैदानात फळी एकच होती, चुकून मारायला शेजारी काहीच नव्हतं, तरीही मी डोळे मिटून घेतले.

पाटी गोल फिरली. तीनदा.

डाव्या बुटाच्या टोकावर, अगदी मधोमध, बारीक भोक. साडेसहाचं.