तोंडानं ओढलेलं पाणी

काम तसं साधंच होतं. जायचं, बाटली भरायची, परत यायचं. नव्व्याण्णव सालच्या वैशाखात सुलोचना नाचणगावच्या पुढच्या एका बंद कारखान्याकडे निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं की ऊन उतरायच्या आत घरी पोचायला हवं. पाळण्यात लेक काजल होती, आठ महिन्यांची, आणि अजून अंगावर पिणारी.

सुलोचना सिंदी मेघेतल्या एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट. प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या, एक जुनं यंत्र आणि मालक महादेवराव. कारखान्यात कपाशीवर फवारायची औषधं कालवली जायची. शेटजीनं तो बंद केला आणि उरलंसुरलं सगळं मागच्या खड्ड्यात ओतून मोकळा झाला. आता त्यावर सिमेंट ओतून जागा विकायची होती. गाळात विष निघालं तर मात्र सगळा खड्डा उपसून लांब न्यावा लागणार होता, म्हणून ही तपासणी.

खड्ड्याजवळ गेली आणि तिनं पदर नाकाला लावला. शी! काळा-हिरवा गाळ, वर दुधावर धरावी तशी साय. त्या सायीखालून बुडबुडा यायचा, फुटायचा, आणि सडक्या लसणावर रॉकेल ओतावं तसा वास थेट घशात उतरायचा. एवढी घाण, पण वर एक माशी नाही. माशीलाही जी घाण नको ती किती घाण असेल, तुम्हीच सांगा! सुलोचनानं लांब दांड्याच्या पळीनं बाटली भरली. गाळ पळीला चिकटून तारेसारखा ओढला जात होता.

"बाई, पुरा उपसायले लावजा," मागून आवाज आला.

एक बाई उभी होती. अंगानं वाळलेली, पण कपाळावर ठसठशीत कुंकू. शोभाबाई नाव तिचं, कारखान्यामागच्या झोपडीत राहायची.

"आमचे आत हायेत," ती म्हणाली.

"कोण आमचे?"

नवऱ्याचं नाव ती तोंडानं कसं घेणार? तिनं मनगट पुढे केलं. हिरवं गोंदण होतं: तानबा.

"संक्रातीपासून घरी नाई आले. शेटजी म्हणते, पळून गेला. पळून जातील काऊन? गालात तंबाखूचा खर्रा धरून या गाळात काठी फिरवून राह्यले होते… तेच शेवटचं पाह्यलं मी त्यायले."

बिचारीचं डोकं फिरलं असेल, असं मनात म्हणत सुलोचनानं बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि वाट धरली.

दुसऱ्या दिवशी तिनं गाळ पाण्यात घुसळून गाळून घेतला. ते पाणी काचेच्या नळीनं ओढून मोजून घ्यायचं असतं. ओढायला रबरी फुगा असतो, पण तो उन्हानं तडकला होता. नवा मागितला तर महादेवराव हसले.

"अवो, आमची सारी पिढी तोंडानंच ओढत आली. मेलं का कोणी?"

कॉलेजातही सगळी तोंडानंच ओढायची. सवयच ती. सुलोचनानं नळी ओठात धरली. पिवळसर पाणी वर चढू लागलं, आणि तेवढ्यात शेजारच्या घरी कुणाचं तरी लेकरू रडलं. तिची छाती भरून आली. ब्लाउज ओला झाला की काय म्हणून तिनं क्षणभर खाली पाहिलं, आणि तोंड भरलं.

थू! ती मोरीकडे धावली. थुंकली, चुळा भरल्या, मीठ चोळलं. जीभ कडू झाली होती, बाकी काही नाही. हातून घडू नये ते घडलं होतं, पण बोंबलून काय फायदा?

संध्याकाळी घरी आली तर काजल रडून लाल झाली होती. छाती दगडासारखी घट्ट होऊन दुखत होती. सुलोचनानं तिला पदराखाली घेतलं. पोरगी गटागटा पिऊ लागली, आणि पिता पिता सुलोचनाच्या तोंडात चव उतरली…

औषधाची नव्हती ती. ओल्या सुपारीची होती. तंबाखूची. गाल पोळणाऱ्या चुन्याची. जिनं जन्मात कधी बडीशेपेपलीकडे काही चघळलं नाही, तिच्या गालात कुणाचा तरी दिवसभर चावलेला, कोमट, उष्टा खर्रा होता! तिनं लेकराला ओढून बाजूला केलं, मोरी गाठली. थुंकी तपकिरी पडली. बोट घालून पाहिलं तर तोंडात काहीच नव्हतं.

"काय वो सुलोचना," सासूनं, विमलाबाईंनी, नाक मुरडलं, "बाईमाणूस असून खर्रा खाऊन राह्यली? लाज नाई वाटत?"

त्या रात्रीपासून तिनं काजलला अंगावर घेतलं नाही. वाटीनं गाईचं दूध पाजायची. पोरगी तोंड फिरवायची, तिच्या ब्लाउजला झोंबायची, आणि सुलोचना दाराआड जाऊन रडायची. एकदाच पाजलं होतं, पण त्या एका वेळी दुधाबरोबर काय गेलं पोटात? देवा, माझं काहीही होऊ दे, पण तिच्या पोटात काही गेलं नसू दे.

यंत्राच्या कागदावर विषाच्या रेघा सुळक्यांसारख्या वर गेल्या होत्या. एंडोसल्फान, लिंडेन, सगळा बाजार. महादेवरावांनी कागद पाहिला आणि हळूच म्हणाले, "दुसरा नमुना आणू. कडेचा. कडेला कमी राह्यते."

सुलोचनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या टेबलावरच पचकन थुंकली. तपकिरी, तारेची थुंकी. तिची तिलाच किळस आली. महादेवराव खुर्चीसकट मागे सरकले.

"पुरा उपसा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता… पण जड, गाल भरलेल्या माणसासारखा. "नाई तर मी इथंच बसून थुंकत राह्यतो."

राह्यतो, म्हणाली ती. महादेवरावांनी त्याच कागदावर सही केली.

खड्डा उपसला. दिवसभर टँकर भरत होते आणि शोभाबाई काठावर उकिडवी बसून होती. तळ लागला. माणूस सोडा, एक चप्पलसुद्धा निघाली नाही. मजूर नाकावरची फडकी सोडून हसले, म्हणाले, "पळालाच होता गडी."

पण त्याच संध्याकाळी सुलोचनाचं तोंड स्वच्छ झालं. पाणी पाण्यासारखं लागलं, भाकर भाकरीसारखी. तिनं चार-चारदा थुंकून पाहिलं, थुंकी पांढरी. हायसं वाटून ती काजलला कवटाळून कितीतरी वेळ बसली. सुटले गं बाई, सुटले!

दोन दिवसांनी सकाळी शोभाबाई पत्ता विचारत घरी आली. ओट्यात कैऱ्या होत्या. "तुमीच उपसायले लावला. माह्या जिवाले तेवढं तरी…" म्हणत ती दारातच टेकली. काजल आतून रांगत आली. उंबऱ्याशी थांबली, आणि शोभाबाईकडे टक लावून पाहू लागली.

"गोड हाये लेकरू," म्हणत शोभाबाईनं वाकून तिला जवळ घेतलं. काजलनं तोंड उघडून जांभई दिली.

शोभाबाई थबकली. तिनं लेकराच्या तोंडाशी नाक नेलं. एकदा. पुन्हा एकदा. मग कैऱ्या घरंगळून खाली पडल्या, त्याचंही तिला भान राहिलं नाही. तिनं काजलला अलगद खाली ठेवलं, उठून दोन पावलं मागे सरली, आणि लगबगीनं डोक्यावरून पदर ओढून घेतला. आठ महिन्यांच्या पोरीसमोर.

"कुठं होते जी इतके दिवस?" तिनं मान खाली घालून विचारलं.

सुलोचना धावली. पण काजलनं आईकडे पाहिलंच नाही. ती शोभाबाईकडे हात पसरून होती.