निमकरांनी मारलेली गाठ

शलाका तळवलकरचा प्रयोग फसला, तर डॉ. निमकरांचा फायदाच फायदा होता: विश्वरचना परिषदेचं अध्यक्षपद, आणि 'अवकाशाच्या तीनच दिशा उलगडू शकतात' हा त्यांचा सिद्धांत अबाधित. यशस्वी झाला, तर संचालक म्हणून सत्काराचा एक नारळ. म्हणून सकाळीच त्यांनी प्रयोग थांबवण्याचा लेखी हुकूम पाठवला. शलाकाने तो वाचला, चहाच्या कपाखाली सारला आणि यंत्राला वीज जोडली.

निमकर धावत प्रयोगशाळेत आले. "हुकूम वाचलात ना?"

"वाचला, सर. अक्षर सुरेख आहे."

"अहो, आरंभी नऊही दिशा सारख्याच चिमुकल्या होत्या. प्रत्येकीला सूक्ष्म तंतूंचे वेढे, म्हणून ती फुगू शकत नव्हती. तीन दिशांतले वेढे एकमेकांवर आदळून तुटले, त्या फुगल्या, आपलं विश्व झालं. उरलेल्या सहांचे वेढे कायमचे!"

"कायमचे, कारण तोडणारं कोणी भेटलं नाही." तिने वेढेभंजकाची कळ दाबली. यंत्रातल्या काचेच्या कुपीच्या तोंडाशी, मोहरीएवढ्या जागेत, निमिषभर चौथी दिशा उलगडायला हवी होती.

सगळे काटे शून्यावर. निमकरांचा चेहरा खुलला.

"झालं समाधान? चार वाजता परिषदेची समिती येतेय. 'प्रयोग फसला' म्हणून सही करा, नोकरी राहील."

"काटे तीन दिशांतले, सर. चौथीतलं त्यांना काय कळणार? तुमचा दोरा बघा."

निमकर घरच्या लोणच्याच्या बरणीलाही मोहोर लावणारे गृहस्थ. कोणी कुपीत हात घालू नये म्हणून काल समितीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी तिच्या तोंडावर लाल दोरा ताणला होता, मधोमध गाठ मारली होती आणि दोन्ही टोकं बाहेर काढून लाखेत बसवली होती. लाख शाबूत होती. दोरा अखंड होता. गाठ नव्हती.

"कागदावर रेघांनी कोंडलेला मुंगळा वर उचलला की रेघ न मोडता बाहेर येतो," शलाका म्हणाली. "तसंच हे. चौथी दिशा मिळाली की कुठलीच गाठ टिकत नाही."

निमकरांचा हात दोऱ्याकडे गेला.

"हं हं, सर! समितीशिवाय मोहोर तोडायची नाही. नियम तुमचाच आहे."

चार वाजता समितीने दोरा भिंगाखाली पाहिला, मग कालचं चित्रीकरण पाहिलं, मग निमकरांकडे पाहिलं.

अध्यक्षपद हुकलं ते निमकरांचं, संचालकपदही गेलं. हुकूम मोडल्याबद्दल नोकरी गेली ती शलाकाची. त्या पत्रावर निमकरांनी संचालक म्हणून शेवटची सही केली. दोघांनीही किंमत मोजली. शीळ घालत फाटकाबाहेर पडली ती मात्र एकटी शलाका.